चावी परत माझ्याच हातात ठेवणाऱ्या मेकॅनिक दादांना

दादा, नमस्कार.

त्या दिवशी गळा दाटून आला होता, म्हणून नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले. चार दिवस झाले, ते एका शब्दाचं थँक्यू मनाला टोचतंय. म्हणून हे पत्र.

ट्यूनिंगला टाकली तेव्हा माझ्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. स्पार्क प्लग बदलायची वेळ झाली होती, एवढंच. चारही प्लग नवे टाकले, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ केली, आणि गाडी परत आली ती मिसिंग घेऊनच, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मध्येच पेटायचं राहायचं. सपाट रस्त्यावर एक वेळ कळायचं नाही. पण चढ लागला आणि जरा ॲक्सिलरेटर दाबला की झटके सुरू. पिकअप गेलेला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, आणि शेजारच्या सीटवर आई. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला नेते मी. परतताना ती पार गळून गेलेली असते. डोळे मिटून बसायची, आणि प्रत्येक झटक्याला तिचा हात दाराच्या हँडलकडे जायचा. बोलली कधीच नाही. तेच मला जास्त लागायचं.

ज्यांनी ट्यूनिंग केलं त्यांच्याकडे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला. दिवा विझला, म्हणजे काम झालं म्हणे. दुसऱ्या दिवशी दिवा परत हजर. दुसऱ्या खेपेला पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणाले. तिसऱ्या खेपेला चावी घेतली, आवारात एक चक्कर मारली आणि सांगितलं, ‘गाडी ठणठणीत आहे. तुम्ही गिअर उशिरा बदलत असाल.’ अकरा वर्षं हीच गाडी चालवतेय मी, दादा. आणखी एका ठिकाणी तर बॉनेट न उघडताच इंजेक्टर आणि फ्युएल पंप दोन्ही बदलायला सांगितले. इंजिनातलं मला कळत नाही, मान्य. पण ट्यूनिंगच्या आधी जे नव्हतं ते ट्यूनिंगनंतर होतंय, तर आधी ज्याला हात लावला ते तपासावं, हे समजायला मेकॅनिक असावं लागतं का?

तुमच्याकडे आले तेव्हा सवयीने चावी पुढे केली. तुम्ही ती घेतलीत, माझं बोलणं संपेपर्यंत हातात धरून ठेवलीत, आणि मग परत माझ्याच हातात ठेवलीत. ‘तुम्हीच चालवा ताई. कधी होतं ते तुमच्या पायाला माहीत आहे. मी बाजूला बसतो.’

तुम्हाला हे आठवतही नसेल कदाचित. मी मात्र त्या एका गोष्टीपाशीच अडकून पडले आहे. इतके दिवस जो तो माझ्या हातातून चावी काढून घेत होता आणि दोन मिनिटांत मला खोटं पाडून परत देत होता. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, आपलंच काही चुकतंय का. ती चावी हातात आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या चढावर काहीच झालं नाही. मला घाम फुटला. आता हेही तेच म्हणणार. इंजिनावर ताण यावा म्हणून तुम्ही एसी चालू करायला सांगितलंत आणि म्हणालात, ‘घाई नाही. परत एकदा जाऊ.’ दुसऱ्यांदा, चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात झटका आला. तुमचा तळहात डॅशबोर्डवर होता. ‘हां, आलं. बरोबर सांगत होतात तुम्ही.’

पुढचं सगळं तासाभरात झालं. कोड पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. त्याची कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारा भाग, दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहिलीत, तरी दोष तिसऱ्यातच. मग प्लग काढलात, पुसलात आणि टॉर्च माझ्या हातात दिलीत. पांढऱ्या पोर्सिलेनवर केसाएवढी काळी रेघ! प्लग आवळताना पाना तिरका झाला की असा तडा जातो, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. चढावर इंजिनावर ताण आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तिथे ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि वीज टोकापर्यंत न जाता त्या तड्यातूनच बाजूच्या धातूवर पळते. म्हणूनच आवारातल्या चकरेत तो दोष कधी सापडलाच नसता. माझ्या शेजारी बसून चढ चढायलाच हवा होता कुणीतरी.

कॉइलच्या रबरी बुटातही, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपणातही, तशीच रेघ निघाली. तो बूट तुम्ही बदललात, नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने गेला असता. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी दामटायची नाही, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, हे मला तुम्ही सांगितलंत. मी त्या दिव्यासकट तीन खेपा घातल्या होत्या, तिथे एकानेही सांगितलं नव्हतं.

इंजेक्टर चांगले होते, पंप चांगला होता. एक प्लग आणि एक रबरी बूट, बस.

पाना कुणाचाही तिरका होईल, त्याचा मला राग नाही. एकदा तरी प्लग काढून बघायचा होता, याचा आहे. तुम्ही त्या लोकांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. ‘प्लग खोलात असतात ताई, हात चुकतो,’ एवढंच बोललात. एवढं मोठं मन माझं नाही. पण तुमच्यासारखी माणसं कामाला हात घालण्याआधी समोरच्याचं ऐकून घेतात, दुसऱ्याची चूक सापडली तरी मिरवत नाहीत, आणि आपण काही विशेष करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. कुणीतरी ते त्यांना सांगायला हवं, म्हणून मी सांगतेय.

परवा आईला घेऊन परतत होते. तोच चढ आला. मी श्वास रोखून ॲक्सिलरेटर दाबला, गाडी सरळ वर गेली. वर पोचल्यावर बाजूला पाहिलं. आईला झोप लागली होती, दोन्ही हात मांडीवर.

तुमची,
राखाडी गाडीवाली ताई