लोणारचे उत्तर कशावरून बदलले?

शाळेतले विज्ञान घोकंपट्टीत अडकल्याची खंत मांडणारा आपला विज्ञान दिनाचा अग्रलेख पटला. मी सातवीला विज्ञान शिकवतो. लोणारचे सरोवर 'उल्का आदळून झाले' हे आमच्या मुलांना तोंडपाठ असते. पण ते विवर ज्वालामुखीचे, असे अनेक अभ्यासक बरीच वर्षे मानत होते, हे त्यांना कुणी सांगत नाही. प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथल्या खडकात सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उल्केची बाजू भक्कम झाली. हे ऐकून एका मुलीने विचारले, "सर, मंग आधीचे लोक खोटं सांगत होते का?" अख्खा तास त्या प्रश्नावर गेला, जायलाच हवा होता. परीक्षेत 'कशामुळे'सोबत 'कशावरून' हेही दोन गुणांना तरी विचारावे.

— एक शिक्षक, मेहकर तालुका (जि. बुलढाणा)