हातचा शरद सोडून पळत्या बर्फाच्या मागे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्या शिमल्याच्या सहलींनी भरून जातात. जाहिरातींत आणि त्यांच्या शेजारी छापलेल्या माहितीपर लेखांतही छायाचित्र बहुधा एकच असते: गुडघाभर बर्फात एकमेकांवर गोळे फेकणारे हसरे कुटुंब. चित्र जानेवारीतले आणि सहलीच्या तारखा मात्र कार्तिकातल्या, ही विसंगती छापणाऱ्यांच्या लक्षात येत नसेल असे मानणे कठीण आहे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, तरी त्या चित्राला एकदा मीही भुलले, म्हणून हा पत्रप्रपंच.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी व माझे यजमान एका सहल कंपनीबरोबर शिमला-मनालीला गेलो होतो. शिमल्यात दोन मुक्काम होते. पण पहिल्या रात्री पोहोचायलाच साडेनऊ वाजले आणि दुसरा दिवस जवळजवळ संपूर्ण शिमल्याजवळच्या कुफरीला गेला. वाटेत एका टपरीवर बस थांबवून सगळ्यांना भाड्याचे ओलसर कोट आणि गमबूट घालायला लावले. वर कोरडी पिवळी माती, तिच्यावर घोड्यांच्या लिदेचा थर आणि फोटो काढून देणाऱ्यांची रांग. कोट घातलेली आम्ही चाळीस माणसे उन्हात घामाघूम होऊन बर्फ कुठे आहे ते विचारत होतो. टूर मॅनेजरने लांब क्षितिजावरच्या पांढऱ्या शिखरांकडे बोट दाखवून, ‘हे काय, बर्फच की,’ असे उत्तर दिले. गंमत अशी की ती शिखरे इतकी स्वच्छ दिसणे हीच त्या दिवसाची खरी कमाई होती. पण आम्ही सगळे पायांखाली बर्फ शोधत असल्यामुळे वर कोणी पाहिले नाही.

शिमला साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे आणि कुफरी त्याहून पाचेकशे मीटर वर. या उंचीवर बर्फ पडतो तो मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालींमुळे, आणि त्यांचा जोर डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या डोंगरांचा सर्वांत कोरडा काळ. मोसमी पाऊस सप्टेंबरच्या शेवटी माघारी गेलेला असतो, हवेतली धूळ आणि वाफ धुऊन निघालेली असते, दुपारचे ऊन सोसवते आणि रात्री अंगावर रजई लागते. दिवाळीत शिमल्याला जाऊन बर्फ मागणे म्हणजे चैत्रात कोकणात जाऊन धबधबे मागण्यासारखे आहे. आणि जे त्या दिवसांत तिथे खरोखरच भरभरून मिळते, ते मात्र सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नावालाही नसते.

इतिहासातही हा योग हुकलेला दिसतो. १८६४ पासून शिमला ही ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी होती. मैदानात उन्हाळा तापू लागला की सगळे सरकार दप्तरांसह वर यायचे, आणि शरद ऋतूत हवा सर्वांत सुंदर होऊ लागली की बाडबिस्तरा आवरून खाली उतरायचे.

पहिला अनुभव जिव्हारी लागल्याने दोन वर्षांनी आम्ही दोघेच, कोणाचेही बोट न धरता, भाऊबीज आटोपून पुन्हा गेलो आणि चार रात्री शिमल्यातच राहिलो. काय केले, असे पुष्कळांनी विचारले. चाललो, हे त्याचे खरे उत्तर आहे. शिमला हे डोंगरकण्यावर वसलेले शहर आहे. मॉल रोड आणि रिज या मध्यवर्ती भागांत सर्वसामान्यांच्या वाहनांना बंदी असल्यामुळे तिथे पायी हिंडण्यासारखे सुख नाही. खालच्या कार्ट रोडवरून मॉलवर यायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचाही निम्मा चढ वाचतो. सामान मात्र पाठीवर घेऊन चढणारे काश्मिरी हमाल, ज्यांना तिथे सगळे ‘खान’ म्हणतात, ते पायऱ्यांनीच जातात. एकाच्या पाठीवर आख्खे कपाट होते आणि तो वाटेतल्या शाळकरी मुलांना हळू आवाजात बाजूला व्हायला सांगत होता.

रिजवर उभे राहिले की आपण एका मोठ्या पाणीसाठ्याच्या छपरावर उभे आहोत, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. इंग्रजांच्या काळात बांधलेली, शहराला पाणी पुरवणारी ती टाकी फरसबंदीखाली अजून वापरात आहे. दुसरी गोष्ट भूगोलाची, म्हणून माझ्या विशेष जिव्हाळ्याची: हा डोंगरकणा जलविभाजक आहे. त्याच्या एका उतारावर पडलेले पाणी सतलजमार्गे सिंधूला मिळून अरबी समुद्राकडे जाते आणि दुसऱ्या उतारावरचे यमुना-गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. वर्गात फळ्यावर शंभरदा काढलेली ती रेषा मी त्या दिवशी पायांनी ओलांडली. बरोबर शाळकरी मुले असतील तर त्यांना क्राइस्ट चर्चसमोर फोटो काढण्याबरोबर एवढे सांगितले, तरी सहल सत्कारणी लागेल.

झाडांबद्दलही थोडी फसगत होते. शरद म्हटला की लाल-केशरी डोंगर डोळ्यांसमोर येतात, ते काश्मिरातल्या चिनारांमुळे. शिमल्याचे वन मुख्यतः देवदार आणि बान (हिमालयातला ओक) यांचे आहे आणि ही दोन्ही झाडे सदाहरित आहेत. त्यामुळे इथला शरद सरसकट रंगत नाही, तो अधूनमधून भेटतो: गडद हिरव्यात एखादा पिवळाधमक अक्रोड, भिंतीवर चढलेली तांबडी वेल, खनोराची, म्हणजे हिमालयी हॉर्स चेस्टनटची, करपल्यासारखी तपकिरी पाने. थंडी वाढू लागली आणि दिवस लहान झाला की पानांतले हरितद्रव्य ओसरते, आणि त्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. ऑब्झर्वेटरी हिलच्या चढावर खनोराची फळे पडून फुटलेली होती. काटेरी नसलेल्या त्या जाड सालीतून चकचकीत तपकिरी बी बाहेर आले होते, पॉलिश केलेल्या शिसवीसारखे. यजमानांनी चार बिया खिशात टाकल्या, त्या अजून आमच्या टेबलावर आहेत.

त्याच टेकडीवर १८८८ मध्ये पूर्ण झालेली व्हाइसरॉयची कोठी आहे. भारतीय नेत्यांशी वाटाघाटींसाठी व्हाइसरॉयने बोलावलेली १९४५ ची सिमला परिषद इथे भरली होती, आणि १९६५ पासून या वास्तूत भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. ठरावीक दालनेच पाहता येतात. पण बाहेरच्या हिरवळीवर अर्धा तास बसण्यासाठी तरी जावेच. तिथून समर हिलपर्यंत देवदारांतून जाणारी वाट उताराची आणि सावलीची आहे. समर हिलचे नाव निघाले म्हणून सांगते: ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच दरड कोसळून शिवमंदिरातील अनेक भाविक मृत्युमुखी पडले आणि कालका-शिमला लोहमार्गाचा एक भाग अक्षरशः अधांतरी लोंबकळत राहिला. मार्ग पूर्ववत झाला, पण डोंगराच्या कुशीतली ती जखम ज्याला ओळखता येते त्याला दिसते. पाऊस नुकताच सरलेला असताना जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्त्यांची आणि रेल्वेची स्थिती विचारून घ्यावी, एवढाच याचा अर्थ. घाबरून सहलीचा बेतच रद्द करावा असे नव्हे.

मी अगदी आग्रहाने सुचवीन तो या रेल्वेचाच प्रवास. सहल कंपन्या तो वगळतात, कारण बसने तासदीडतास वाचतो. ९६ किलोमीटरचा हा छोट्या गाडीचा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रुळांमधले अंतर केवळ ७६२ मिलिमीटर, पूल आठशेहून अधिक, बोगदे १०२. बोगद्यांवरचे क्रमांक मात्र १०३ पर्यंत जातात, त्यामुळे डब्यातली मुले मोजता मोजता गोंधळतात आणि मग मोठ्या माणसांची भांडणे लागतात. आमच्या डब्यात तर एका काकांनी रेल्वेवर हिशेबात घोळ केल्याचा ठपकाच ठेवला. बडोगचा तेहतीस क्रमांकाचा बोगदा सर्वांत लांब, १,१४३ मीटरचा. तो संपताच स्टेशन येते, गाडी जरा विसावते आणि सगळे प्रवासी कटलेटसाठी खाली उतरतात. पुढे कनोहजवळचा चार मजली कमानींचा पूल खिडकीतून पाहायचा तर वळणापूर्वीच जागा धरावी लागते. पाच-साडेपाच तास लागतात. पण चिडापासून देवदारापर्यंत बदलत जाणारी झाडी बसच्या खिडकीतून अशी सलग दिसत नाही. सुट्टीच्या दिवसांचे आरक्षण लवकर भरते, म्हणून ते तिकीट आधी काढावे आणि हॉटेल मागाहून ठरवावे, असे माझे मत आहे.

शहराबाहेर एक दिवस द्यायचा तर तो कुफरीला न देता नारकंडा-ठाणेदारकडे द्यावा. रस्ता लांब आहे, पहाटे निघावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थाने कोटगढ-ठाणेदार भागात ‘डेलिशस’ जातीच्या सफरचंदांची लागवड केली. पुढे तो हिंदू होऊन सत्यानंद झाला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. आज या पट्ट्याचे सारे अर्थकारण त्या झाडांवर उभे आहे. दिवाळीपर्यंत तिथल्या बागांची तोडणी उरकलेली असते, म्हणून झाडावर लगडलेली सफरचंदे दिसतील या आशेने जाऊ नये. पण पिवळ्या पडलेल्या बागा, रस्त्याकडेला रचलेली रिकामी खोकी आणि किन्नौरकडून उशिरा उतरणाऱ्या फळांचे ट्रक पाहिले की आपल्या बाजारातले सफरचंद कुठून येते ते नीट कळते. दिवाळी उशिरा येणाऱ्या वर्षी रामपूर बुशहरची लवी जत्राही गाठता येते. ती ११ ते १४ नोव्हेंबर अशी ठरलेल्या तारखांना भरते. तिबेटच्या व्यापारातून वाढलेल्या या जत्रेत लोकर, चिलगोजे (पाइनच्या खाण्याच्या बिया) आणि सुका मेवा यांची उलाढाल होते. ही जत्रा पर्यटकांसाठी मांडलेली नाही, आणि मला तर तेच तिचे आकर्षण वाटते.

ज्यांना बर्फच हवा आहे त्यांनी मुलांच्या नाताळच्या सुट्टीकडे पाहावे, तरीही हमी धरू नये. नाताळच्या दिवशी शिमला शहरात हिमवृष्टी होणे हा अपवादच असतो. त्या आठवड्यात मॉलवर पाय ठेवायला जागा नसते आणि गाड्यांची रांग शहराबाहेरून लागते. मात्र त्या दिवसांत लक्कड बाजाराजवळचे बर्फावरच्या स्केटिंगचे मैदान पाहण्यासारखे असते. १९२० पासूनच्या त्या उघड्या मैदानावर संध्याकाळी पाणी शिंपडायचे आणि रात्रीच्या थंडीने ते आपोआप गोठायचे, अशी साधी पद्धत. त्यासाठी आकाश निरभ्र लागते. ढग आले की पाणी नीट गोठत नाही आणि हिमवृष्टी झाली की पृष्ठभाग बिघडतो. म्हणजे हॉटेलातला पर्यटक ज्या ढगाची वाट पाहत असतो, त्याच ढगाला स्केटिंगवाला शिव्या घालत असतो. अलीकडे हिवाळे उबदार होत चालल्याने तिथली सत्रेही घटली आहेत.

दोन व्यवहारातल्या गोष्टी. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो आणि मावळताच पारा झपाट्याने उतरतो. तेव्हा जंगलातल्या वाटा सकाळी कराव्यात आणि संध्याकाळ रोषणाईच्या मॉलसाठी किंवा १८८७ पासून उभ्या असलेल्या गेइटी थिएटरसाठी ठेवावी. दुसरे, शिमल्याच्या उंचीचा बहुतेकांना त्रास होत नाही, चढावर धाप लागते तेवढीच. परंतु याच सुट्टीत स्पितीतले काझाही उरकून घेऊ, असा बेत आखणाऱ्यांनी ते ठिकाण साडेतीन हजार मीटरच्या वर आहे हे लक्षात घेऊन वाटेत मुक्काम वाढवावेत.

आपल्या वर्तमानपत्राकडे माझी मागणी लहानशी आहे. सहलीच्या जाहिरातीत किंवा लेखात वापरलेले छायाचित्र कोणत्या महिन्यात काढले आहे, ते त्याच्याखाली बारीक अक्षरांत का होईना, छापावे. जाहिरातदारांना ते रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. निदान आपल्या स्वतःच्या लेखांपासून तरी ही सुरुवात येत्या दिवाळी पुरवणीत व्हावी.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका

ता. क. शिमल्यातल्या जाखू टेकडीवरच्या मारुतीला जाणाऱ्यांनी चष्मा पायथ्याशीच खिशात ठेवावा. आमच्या यजमानांचा चष्मा एका माकडाने नाकावरून अलगद उचलला, देवदारावर जाऊन काच चाटून पाहिली आणि प्रसादाच्या दुकानातल्या मुलाने फुटाण्यांची पुडी फेकल्यावरच खाली टाकला. तिथून पुढची १०८ फुटी मूर्ती त्यांनी एकाच काचेतून पाहिली.