नाना शंकरशेठांच्या कोपऱ्यासाठी हातभार लावा

नमस्कार मुरबाडकर मंडळी, आणि नोकरीधंद्यासाठी कल्याण-ठाण्याला गेलेले सगळेच,

आपल्या वाचनालयात नाना शंकरशेठांचा एक कायमचा कोपरा करायचं कमिटीने ठरवलंय. नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, घराणं मूळ आपल्या मुरबाडचं. जन्म १८०३ चा, धंदा मुंबईत, आणि पेढीवर भरवसा असा की अरब, अफगाण व्यापारी बँक सोडून पैसे यांच्याकडे ठेवायचे. धंद्यात कमावलेल्या पैशातून माणसाने काय काय केलं, गिरगावच्या स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली, तीपण अशा काळात की पोरगी शिकतेय म्हटलं की लोक नावं ठेवायचे. १८५२ ला बॉम्बे असोसिएशन (लोकांची गाऱ्हाणी इंग्रज सरकारपुढे मांडणारी संस्था) काढली त्यात नाना पुढे, १८६२ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. आणि रेल्वे! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्या कंपनीच्या पहिल्या डायरेक्टरांत नाना होते, आणि त्यांच्या मूळ गावाला जायला आपण अजून कल्याणहून एसटीच पकडतो, असो, तो विषय काढला तर हे आवाहन संपायचं नाही.

तर लागणार काय? काचेचं एक कपाट, नानांवरची पुस्तकं, मोठे करून फ्रेम केलेले फोटो. शाळेतल्या पोरांना नाना म्हणजे नुसतं चौकाचं नाव वाटू नये एवढंच. शंभर रुपयेसुद्धा चालतील, पावती लगेच मिळेल आणि हिशेब बोर्डावर लावू, नानांच्या नावाने पैसे गोळा करायचे तर हिशेब चोख पाहिजेच ना.

पैसे नाही जमले तरी दोन गोष्टी द्या. कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या दुकानाच्या जुन्या चोपड्या, खतावण्या, मोडीतले कागद पडले असतील तर रद्दीत घालू नका हो, आम्ही फोटो काढून तुमचे तुम्हाला परत देऊ (मोडी वाचता येणारं कोणी असेल तर त्यांनी आधी या, चहा आमच्याकडून). दुसरं म्हणजे मॅट्रिकला किंवा दहावीला संस्कृतमध्ये पहिलं आल्यावर जी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळते ती घरात कोणाला मिळाली असेल, आत्याला, काकाला, कोणालाही, तर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणून द्या, तीपण कपाटात लावू.

३१ जुलैला नानांची पुण्यतिथी, तोवर कपाट उभं करायचंय. संध्याकाळी वाचनालय उघडं असतं, काउंटरवर पावतीपुस्तक ठेवलंय.

आपली,
वाचनालय कमिटी