रोशेल तेलाची परीक्षा बशीत संपू नये

मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) यांस,

स. न. वि. वि.

आपण बुलढाण्याचे, तेव्हा रोशा गवत म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. एके काळी या सुगंधी गवतापासून काढलेलं खानदेशातलं रोशेल तेल मुंबई बंदरातून पार कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. (भेसळीसाठी, पण मागणी होती!) आमची आजी मात्र ते गुडघ्यांना चोळायची.

आता अरोमा मिशन या सुगंधी पिकांसाठीच्या सरकारी योजनेमुळे या गवताच्या लागवडीला पाठबळ आहे. बाटल्यांवर ‘जंतुनाशक’, ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असं छापलेलं दिसतं. आधार विचारला की बहुधा पेट्री डिशचा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीचा, फोटो पुढे येतो: कागदाच्या चकतीवर तेलाचा थेंब आणि भोवती जंतू न वाढलेलं गोल वर्तुळ. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून सांगतो, या वर्तुळावर फार विसंबू नये. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे बशीतल्या अगारमध्ये (जंतू वाढतात त्या जेलीत) नीट पसरत नाही. शिवाय ३७ अंशांवर रात्रभरात बरंचसं उडून जातं. वर्तुळ लहान आलं म्हणून तेल निकामी ठरत नाही, आणि मोठं आलं म्हणून माणसाचा गुडघा बरा होत नाही.

त्यात तेल कोणतं, हेच कुणी लिहीत नाही. मोतिया आणि सोफिया हे रोशा गवताचे दोन्ही प्रकार दिसायला सारखेच. पण जिरॅनिऑल, म्हणजे तेलाला गुलाबासारखा वास देणारं द्रव्य, भरपूर मिळतं ते मोतियात. कापणी फुलोऱ्यात केली की आधी, यानेही फरक पडतो.

ऑस्ट्रेलियाने टी ट्री या तिथल्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाचं काय केलं पाहा. कोणता घटक किमान किती हवा, कोणता कमाल किती चालेल, याचं मानक आज त्या तेलाला आहे. १९९० साली तिथे मुरुमांच्या १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री जेलची तुलना बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी झाली. गुण दोन्हींनी आला; तेलाला वेळ जास्त लागला, त्रास कमी झाला. तेवढंच छापलं.

रोशेल तेलाचं असंच करा. आधी प्रत्येक नमुन्याचं गॅस क्रोमॅटोग्राफीने (तेलातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) पृथक्करण, मग त्वचेला खाज-पुरळ येते का ते पाहणं, आणि शेवटी सांधेदुखीच्या रुग्णांवर नुसत्या खोबरेल तेलाशी तुलना. मालिशनेच बरं वाटतं की रोशेलने, हे त्यातूनच कळेल. निकाल उलटा आला तरी प्रसिद्ध करा.

चाचणीसाठी दुखरे गुडघे लागतील. माझे दोन्ही नोंदवून घ्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा