आठवी विज्ञानाच्या व्हिडिओ कोर्सचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे.

हृदयाचा पाठ एकदा स्वतः लावून बघा. उजव्या निलयातून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, रक्त फुप्फुसांकडे निघालेलं दिसतं, तेवढ्यात खाली तीन ओळी उमटतात आणि निवेदिका त्याच ओळी शब्द न् शब्द वाचते. मुलीने बाण बघायचे की ओळी वाचायच्या? भागांची नावं आकृतीवर नाहीतच, बाजूला आकड्यांची यादी. मध्ये थांबवलं की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. वर अखंड संगीत. आमच्या अशोक चौकात यंत्रमाग दिवसभर खटखटतात, त्यात ती निवांत अभ्यास करते; तुमच्या कीबोर्डच्या संगीतापुढे हात टेकते.

शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी हे प्रयोगांनी दाखवलंय, २००१ मध्ये पुस्तकही आलंय: आकृती चालू असताना नुसतं बोला, तेच पडद्यावर छापू नका, नावं आकृतीलगत द्या, नको ते संगीत काढा. तुमच्या जाहिरातीत ‘मेंदूविज्ञानावर आधारित’ लिहिलंय, म्हणजे तुम्हाला ठाऊक असणारच.

आता तो फोन. मी संगीत बंद करायची सोय विचारली. उत्तर: “मॅडम, मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे की ऑडिटरी?” म्हटलं, हृदयाचे कप्पे नुसते ऐकून कोणाला कळतात? तर म्हणे, “मग व्हिज्युअलच. तिच्यासाठी प्रीमियम पॅक आहे.” मी सांगितलं, मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच तपासलंय, ‘बघून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशा प्रकारांनुसार शिकवण्याला पुरेसा आधार नाही. क्षणभर शांतता. मग, “मॅडम, मोबाइलचा ब्राइटनेस वाढवून बघितलात का? सोलापुरात नेटचा पण प्रॉब्लेम असतो ना?” नेटचा! ओळी दोनदा येतात त्या काय नेटमुळे? “सीनियरला विचारतो” म्हणून होल्डवर टाकलं, तिथेही तेच संगीत, आणि फोन कट.

संगीत बंद करायचं बटण एवढंच मागत होते हो. तेवढंही जमत नसेल तर कसलं मेंदूविज्ञान?

आता पूर्ण पैसे परत हवेत, पंधरा दिवसांत, लेखी उत्तरासह. तुमचं ऑफिस कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कागद तयार आहेत. तोवर वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर हृदयाच्या पाठाची लिंक टाकते आहे. काही लिहिणार नाही, नुसती लिंक.

एक ग्राहक,
अशोक चौक, सोलापूर