तुळशीमागची माती

ब्रिस्टल, ४ मे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, पावसाआधी परसात सगळीकडे कोबा करून घेतोय. तेव्हा काही बोलले नाही, पण तेच डोक्यात घोळतंय.

इथे मागचं अर्धं अंगण मी रानासारखं वाढू दिलंय. भिंतीवर पोकळ बोरूंची मोळी टांगलीय. एप्रिलपासून तिथे मधमाशीच्याच जातकुळीतल्या तांबूस माश्या घर करायला येतात, इथे त्यांना गवंडी माशी म्हणतात. आई, आपल्या पडवीत कुंभारीण माशी मातीचं घर करायची आणि तू ते कुणाला मोडू द्यायची नाहीस, त्याचीच आठवण होते.

काल अर्धा तास एकीलाच बघत होते. पोटाखालचे केस परागांनी पिवळेधम्मक. आधी डोक्याकडून बोरूत शिरली, मकरंद ओतला, बाहेर येऊन वळली आणि उलट्या पावली आत जाऊन पराग झाडले. त्या ढिगावर एक अंडं, मग चिखलाची भिंत, की पुढची खोली सुरू. आतल्या खोल्यांत मुली, दाराशी मुलगे. ती स्वतः जूनपर्यंत संपते आणि लेकरं पुढच्या वसंतात बाहेर पडतात. तिला त्यांचं तोंडही दिसत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा मी तिच्यासाठी थाळीत चिखल कालवून ठेवते.

ब्रिटनमध्ये मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या सुमारे २७० जाती आहेत. बहुतेक अशाच एकेकट्या राहणाऱ्या, पोळं नाही, मध नाही. आणि कितीतरी जणी जमिनीत बीळ करतात. आपल्याकडेही तसंच. बाबा, तुळशीच्या मंजिरीवर निळ्या पट्ट्यांची माशी येते ना, तिचं घर मातीतच असतं. वांग्याच्या फुलाला बिलगून ती अंग थरथरवते, तेव्हा कुठे पराग झडतात. भुंग्यालाही ते जमतं, पोळ्यातल्या सातेरी मधमाशीला नाही. तुमच्या वांग्यांना फळ चांगलं धरतं त्यात या दोघांचा मोठा हात आहे.

आई गेल्या पावसात घसरली, म्हणून विहिरीच्या वाटेवर कोबा जरूर करा. पण तुळशीमागचा उन्हातला उंचवटा मातीचाच राहू द्या. आणि भुंग्यांनी पोखरलेला पडवीचा वासा बदललात, तर जुना जाळू नका, कुंपणाला उभा करून ठेवा.

गवंड्याला काम सांगायच्या आधी मला फोन करा. आई, गुडघा आता कसा आहे?

तुमची,
मनू