भट्टीत राहिलेले सहा नमुने

प्रिय मित्रा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पॉलिकार्बोनेटच्या बारा नमुन्यांनी मला अक्षरशः झोपू दिलं नाही.

प्लास्टिक दाबून बघण्यात एवढं काय आहे, असं तू विचारलं होतंस. पेराएवढा दंडगोल यंत्रात उभा करायचा, दोन्ही तोंडांना टेफ्लॉनची फिल्म आणि वंगण लावायचं (नाहीतर तो मधोमध पिंपासारखा फुगतो आणि मोजमाप फसतं), मग ठरल्या वेगाने दाबत जायचं. ताण सरळ चढतो, एक शिखर गाठतो, तिथून घसरतो आणि आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या ताणल्या जाऊ लागल्या की पुन्हा चढतो. हा आलेख मी शेकडो वेळा पाहिलाय, तरी ती घसरण आली की हातातलं काम थांबतं.

या वेळी सहा नमुन्यांचं शिखर बाकीच्या सहांपेक्षा चांगलंच उंच आलं. मी यंत्रावर संशय घेतला, लोडसेल, म्हणजे दाब मोजणारा भाग, पुन्हा तपासला. आठवडा गेला. मग नोंदवहीत सापडलं: ते सहा 120 अंशांच्या भट्टीत दोन दिवस राहिले होते. पॉलिकार्बोनेटचं काचसंक्रमण (कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते तापमान) 147 अंशांच्या आसपास, म्हणजे ते मऊसुद्धा पडले नव्हते. दिसायला तंतोतंत सारखे. फक्त साखळ्या आणखी घट्ट बसल्या होत्या. पदार्थ वयाने वाढला होता, म्हण.

आणि हा आलेख आकड्यांत पकडणाऱ्या माझ्या गणिती मॉडेलला वय ठाऊकच नव्हतं! हॉवर्ड आणि थॅकरे यांनी 1968 मध्ये मांडलेली कल्पना मला अजून फार आवडते: साखळ्यांच्या जाळ्यासाठी एक स्प्रिंग आणि तिच्या जोडीला आयरिंगच्या नियमाने (ताण आणि सरकण्याचा वेग यांचं नातं सांगणारा नियम) सरकणारा डॅशपॉट, म्हणजे गाडीच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरसारखा दट्ट्या. दाबण्याचा वेग दसपट केला की शिखर दर वेळी साधारण सारख्याच पायरीने वर जातं, हे त्यातून छान निघतं. पण वयासाठी वेगळं चल घातल्याशिवाय माझे आकडे एकाच गटाला बसतात, दुसऱ्याला नाही. आता तेच घालतोय. शिवाय फार वेगाने दाबलं तर नमुना स्वतःच तापून मऊ होतो, तेही धरायला हवं.

एक गोष्ट मात्र तुला डोळ्यांनी दाखवायचीय. दाबून चपटी झालेली अ‍ॅक्रिलिकची (हे वेगळं प्लास्टिक, कमी तापमानाला मऊ पडणारं) चकती तिच्या काचसंक्रमणाच्या वर, 120 अंशांवर ठेवली की हळूहळू उठायला लागते. आधी कडा आत येतात, मग उंची वाढते आणि जवळजवळ पहिला दंडगोल परत उभा राहतो. दोन चकत्या तुझ्यासाठी राखून ठेवल्यात. ये लवकर.

तुझाच,
मित्र